सरकारी शाळेत गणित-विज्ञानाला हातभार लावायचाय? इंदूरच्या कॉलेजविद्यार्थ्यांसाठी पहिल्या सत्राची तयारी

दर जुलैत नवीन वर्ग सुरू झाले की "आम्हाला एखाद्या शाळेत जाऊन शिकवायचंय" म्हणणारी काही मुलंमुली हमखास भेटतात. कुणी देवी अहिल्या विद्यापीठाच्या एनएसएसमधली (राष्ट्रीय सेवा योजना), कुणी होळकर सायन्सला फिजिक्स करणारी, कुणी एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजातली. हुशार असतात, मनापासून आलेली असतात, आणि दिवाळीपर्यंत त्यातली निम्मी दिसेनाशी होतात. आळशी असतात म्हणून गळतात असं मला वाटत नाही. ती शाळेत शिक्षक व्हायला जातात, आणि शाळेत शिक्षक आधीच असतात. त्या शिक्षकाला तिथे एक जास्तीचा हात हवा असतो. तो हात कसा व्हायचं, ते या लेखात सांगतो. लेख सहावी ते आठवीच्या सरकारी शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण कॉलेजच्या मुलांचा सगळ्यात जास्त उपयोग तिथेच होतो.

आधी होशंगाबादची गोष्ट

हे काम आपल्याच मध्य प्रदेशात, नर्मदेकाठी, फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय आणि इंदुरातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना ते ठाऊक नसतं. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या (आताचं नर्मदापुरम) १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात झाली. रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनी ते सुरू केलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आले, दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि विद्यार्थी आले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या शाळांत गेला. १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी 'एकलव्य' संस्था उभी राहिली आणि आपल्या बाजूला देवास-उज्जैनकडच्या शाळांतही काम पोचलं. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला.

तीस वर्षांत त्यांनी काय काय केलं हे वाचण्यासारखं आहे. मुलांच्या हातात किट, परीक्षेला वही-पुस्तक उघडं ठेवायची मुभा, आणि 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक गृहस्थाला मुलांनी पाठवलेली प्रश्नांची पत्रं. पण नवशिक्याने त्यातून एकच गोष्ट उचलायची. विद्यापीठातून आलेली माणसं मुलांपुढे उभी राहून शिकवत नसत. उन्हाळ्यात शिक्षकांबरोबर बसून ते प्रयोग स्वतः करून बघत, मग वर्षभर शाळांना भेटी देत. या भेटींना 'अनुवर्तन' म्हणत. भेटीला गेलेला माणूस वर्गात बसायचा, लागेल तिथे गटागटात मदत करायचा, काय अडलं ते लिहून आणायचा, आणि महिन्याच्या बैठकीत शिक्षकांसमोर ते मांडलं जायचं. फळ्यापाशी शिक्षकच. तुमचं काम म्हणजे छोट्या प्रमाणावरचं अनुवर्तन समजा.

शाळा निवडणं आणि परवानगी

शाळा जवळची निवडा. हे ऐकायला फारच साधं वाटतं, पण प्रवासानेच सर्वांत जास्त गट मोडतात. विद्यापीठाच्या खंडवा रोडवरच्या तक्षशिला परिसरात शिकत असाल तर भंवरकुआंच्या आसपासची शाळा बघा. आयआयटीत असाल तर सिमरोल गावातली. देपालपूर-सांवेरकडच्या शाळेत जायची हौस सगळ्यांना असते, "तिथे जास्त गरज आहे" हेही खरंच असतं. पण दोन बस बदलून पोचणारा स्वयंसेवक परीक्षा जवळ आली की येत नाही, आणि मुलं दाराकडे बघत बसतात. ज्या गावाला दर आठवड्याला जाता येईल का याची खात्री नाही, ते सोडा.

परवानगीचा मार्ग असा. आधी कुणालाही पत्र न देता मुख्याध्यापकांना भेटा. नुसतं भेटा, विचारा की गणित-विज्ञानाच्या तासाला मदत चालेल का, कुठल्या वर्गाला, कुठल्या वारी. त्यांची तयारी दिसली की आपल्या विभागप्रमुखांचं किंवा एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्यांचं पत्र घ्या. पहिली ते आठवीच्या शाळा राज्य शिक्षा केंद्राच्या यंत्रणेत येतात: जिल्ह्याला जिला शिक्षा केंद्र, त्याखाली बीआरसी (विकासखंडाचं स्रोत केंद्र), त्याखाली जनशिक्षक (आसपासच्या काही शाळांना भेटी देणारा). नववीच्या पुढे जिल्हा शिक्षण अधिकारी आणि संकुल प्राचार्य. पत्राची एक प्रत जनशिक्षकाला नक्की द्या. शाळांमध्ये सगळ्यात जास्त फिरणारा माणूस तोच, आणि तुम्ही कोण हे त्याला ठाऊक असलं की पुढचे बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत. केंद्र सरकारचं 'विद्यांजली' पोर्टलही आहे. तिथे शाळा आपली गरज नोंदवते आणि स्वयंसेवक नाव नोंदवतो. कागद पक्का व्हायला ते बरं, पण शाळेत पाय ठेवायला जागा मिळते ती समोरासमोरच्या बोलण्यातूनच.

एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. हे तास त्यात धरता येतील का, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना सुरुवातीलाच विचारा. तास भरण्यासाठीच आलेल्या मुलांबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. त्यातली काही सर्वांत नेमाने येतात.

वर्ग निवडताना सहावी किंवा सातवी मागा. आठवीला (आणि पाचवीलाही) आता बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा आहे, शिक्षक अभ्यासक्रम संपवायच्या मागे असतात. दहावी तर मागूच नका. तिथे तुम्हाला फक्त 'महत्त्वाचे प्रश्न' लिहून द्यायला सांगतील.

पहिले दोन आठवडे मागच्या बाकावर

शेवटच्या रांगेत बसा आणि वही काढा. सर किंवा मॅडम काय चुकतात हे टिपायचं नाही (तशी वही एखाद्या दिवशी उघडी राहिली तर तुमचं काम तिथेच संपलं). टिपायचं ते हे: वर्गात मुलं किती आणि रोज किती येतात, फळ्यावरचं मागच्यांना दिसतं का, सोडवायला दिलेलं गणित किती जण शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतात, कोण बोलतं, कोण कधीच बोलत नाही. मुलींची रांग बोलते का? मजुरीसाठी बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलं कुठे बसतात? वर्गात माळवी बोली किती, हिंदी किती?

शिक्षकाचा दिवसही बघा. मतदार यादीचं काम, समग्र आयडीची (राज्य सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकाची) दुरुस्ती, मध्यान्ह भोजनाचा हिशोब, गणवेशाची यादी, सर्वेक्षण. दोन वर्ग एकत्र बसवून एकटी मॅडम सांभाळतेय असंही दिसेल. अतिथी (तात्पुरत्या नेमणुकीचा) शिक्षक असेल तर पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच त्याला माहीत नसतं. हे पाहिल्यावर "हे प्रयोग का घेत नाहीत?" हा प्रश्न तुम्ही वेगळ्या आवाजात विचाराल.

मुलांना काय येतं ते शोधा

इथे घाई करू नका, आख्खं सत्र यावर उभं राहतं. सातवीच्या पुस्तकातला धडा चालू असतो आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांची गाडी तिसरी-चौथीच्या गणितात अडकलेली असते. 'असर' (ASER) या शिक्षणाच्या सर्वेक्षणात खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलांना एकेकट्याने तपासतात: अंक ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग. इतकंच. तेवढ्यावरही पुष्कळ कळतं. तुम्ही त्यात दोन-तीन प्रश्न आपले घाला.

एका मुलाला बाजूला, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी बसवा. व्हरांडा उत्तम. पेपर वाटू नका. पेपर म्हटला की मूल घाबरतं किंवा शेजारचं बघतं. एकेक प्रश्न द्या, आणि उत्तर बरोबर असो की चूक, चेहरा तोच ठेवून विचारा, "कैसे किया, बताओ." मला उपयोगी पडलेले प्रश्न हे:

तीनशे सहा लिही. ३००६ लिहिणारं मूल ऐकतं तसं लिहितं, स्थानिक किंमत त्याला अजून कळलेली नाही.

५२ मधून २७ वजा कर. ३५ उत्तर आलं तर त्याने प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा केलंय. ही आळसातून झालेली चूक नव्हे. त्याने स्वतःचा एक नियम बनवलाय आणि तो तो नेमाने पाळतोय.

७ + ५ = ▢ + ४. इथे १२ लिहिणारी मुलं खूप भेटतील, आठवीतही. त्यांच्यासाठी 'बरोबर'चं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" असा हुकूम असतो. दोन्ही बाजू सारख्या हा अर्थच डोक्यात नाही, आणि याच मुलाला पुढच्या महिन्यात समीकरणं शिकवायची असतात.

०.३५ मोठा की ०.४? पस्तीस चारपेक्षा मोठे, म्हणून ०.३५.

एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? चार तीनपेक्षा मोठे, म्हणून एक चतुर्थांश.

मग एका तक्त्यावर मुलांची नावं आणि प्रत्येकाचा अडलेला प्रश्न लिहा. हा तक्ता शिक्षकाला दाखवा, भिंतीवर लावू नका. दाखवताना "मुलांना काहीच येत नाही" असं म्हणालात तर पुढचं कुणी ऐकणार नाही. "बारा मुलं वजाबाकीत एकाच जागी अडतात, त्यांना आठवड्यातून एकदा वेगळं बसवू का?" असं विचारलंत तर मॅडम स्वतःच खुर्ची ओढून बसतील.

हिंदीची तयारी

घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेजही इंग्रजीतच: रामबाग-राजेंद्रनगरच्या मुलांचं हे ठरलेलं. बोलायला हिंदी फाडफाड येते, पण फ्रॅक्शनला 'भिन्न', डिनॉमिनेटरला 'हर', पेरिमीटरला 'परिमाप', कॅरीला 'हासिल' म्हणतात हे वर्गात उभं राहिल्यावर कळतं. लसावि म्हणजे लघुत्तम समापवर्त्य, मसावि म्हणजे महत्तम समापवर्तक. आणि जळगाव-नागपूरकडून शिकायला आलेल्यांना वेगळाच खड्डा आहे: मराठी पुस्तकात लोलक म्हणजे प्रिझम, हिंदी पुस्तकात लोलक म्हणजे लंबक. आपला क्षार म्हणजे सॉल्ट, त्यांचा क्षार म्हणजे अल्कली, आणि सॉल्टला ते लवण म्हणतात. जो धडा घ्यायचा तो आदल्या दिवशी शाळेच्याच पुस्तकातून मोठ्याने वाचून काढा. अर्धा तास पुरतो.

एक धडा नीट: अपूर्णांक

पहिल्या सत्रात गणिताचा एकच विषय घेणार असाल तर अपूर्णांक घ्या. टक्केवारी, दशांश, गुणोत्तर, पुढे घनता आणि वेग, सगळं यावरच उभं आहे.

सामान: जुनी वर्तमानपत्रं आणि कात्री. एकाच लांबीच्या पट्ट्या कापा, प्रत्येक मुलाला सहा-सात. पहिली तशीच ठेवायची, ती 'एक'. दुसरी दुमडून दोन भाग, तिसरी दोनदा दुमडून चार, चौथी आठ. मग तीन भागांची पट्टी. तीन समान घड्या घालणं अवघड असतं, मुलं आधी वाकड्या घालतात, वाद घालतात, उलगडून पुन्हा घालतात. घालू द्या. 'समान' या शब्दावर शिक्षकाला जे तीनदा सांगावं लागतं ते इथे आपोआप कळतं. तीनची पट्टी आणखी एकदा दुमडली की सहा.

आता पट्ट्या एकाखाली एक. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश शेजारी ठेवले की "जितके जास्त वाटेकरी तितका वाटा लहान" हे मुलंच सांगतात. तुम्ही सांगू नका. नंतर १/२ + १/३ विचारा. वर्ग एकमुखाने २/५ म्हणेल. खोडून टाकायची घाई नको. आणखी एक पट्टी घ्या, तिचे पाच भाग करा (मोजपट्टीने, घड्यांनी जमणार नाही), २/५ मोजा आणि १/२ च्या शेजारी ठेवा. २/५ हा अर्ध्याहूनही लहान. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं? या क्षणी वर्गात जो गोंगाट होतो त्यासाठी हा सगळा खटाटोप. छेद समान का करायचा हे आता सांगा, सहाच्या पट्टीवर: तीन घरं आणि दोन घरं, मिळून पाच घरं.

घरातल्या म्हाताऱ्यांनाही कामाला लावा. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असायचे. माळव्याच्या गावांतही पौना, सवैया, ड्योढ़ा म्हणणारे आजोबा अजून भेटतात. मुलांना गृहपाठ द्या की घरी कुणाला हे येतं का विचारून या. ज्या मुलाचा बाप मंडीत हमाल आहे त्याला सव्वा आणि पाऊण तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. फक्त सव्वा आणि पुस्तकातलं ५/४ एकच आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

एका तासात हे होणार नाही. तीन आठवडे धरा.

विज्ञान: महागडं किट नको

सामानासाठी सियागंज, जेल रोड आणि खजुरी बाजार इतकं पुरे. सुतळी, मोजपट्ट्या, सेल, तारा, चुंबक, फुगे. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीच्या काड्या मिळाल्या तर भूमितीचे सांगाडे तयार होतात: काड्या बाजू, नळीचे तुकडे कोपरे. अरविंद गुप्ता हे कानपूर आयआयटीचे इंजिनिअर १९७८ मध्ये टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा घेऊन होशंगाबादच्या कार्यक्रमात आले होते, तिथलं हे काम. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलंडतो. पुलाच्या लोखंडी सांगाड्यात त्रिकोण का, हा प्रश्न तिथून पाच पावलांवर आहे.

सावलीचा प्रयोग मात्र प्रत्येक गटाने करावाच, कारण तो इंदूरचा स्वतःचा प्रयोग आहे. एक मीटर लांबीची सरळ काठी मैदानात उभी रोवा, ओळंब्याने सरळ आहे का बघा. २२-२३ सप्टेंबरला सकाळी साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवा आणि लांबी लिहा. सावली कमी होत होत साधारण १२ वाजून २० मिनिटांनी सर्वांत आखूड होईल, आणि ती ४२ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. बाराला का नाही? घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्ताचं, आपण ७६ च्या जवळ, पश्चिमेला. म्हणून आपला मध्यान्ह उशिरा. आता कागदावर १० सेंटिमीटरची उभी रेघ आणि ४.२ सेंटिमीटरची आडवी रेघ काढून त्रिकोण पुरा करा आणि वरचा कोन कोनमापकाने मोजा. २३ अंशांच्या किंचित खाली येईल. नकाशात इंदूरचं अक्षांश बघा: २२.७. मैदानातल्या काठीने आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे मोजलं. सातवीच्या मुलांना यासाठी त्रिकोणमिती लागत नाही, प्रमाणात काढलेला त्रिकोण पुरतो.

२२ डिसेंबरला हाच प्रयोग पुन्हा करा. तेव्हा सर्वांत आखूड सावलीही काठीपेक्षा थोडी लांब, १०४ सेंटिमीटरच्या आसपास येते. आता ऋतू का होतात यावर बोला. "हिवाळ्यात सूर्य लांब जातो" असं जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, आणि कॉलेजातलेही अर्धे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ऐन थंडीत. जून-जुलैत दोन दिवस असेही येतात की भर मध्यान्ही काठीला सावलीच उरत नाही, कारण कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे. पण जूनमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत ढग, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. शाळेने सहल काढलीच तर उज्जैनची वेधशाळा दाखवा. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेलं तिथलं सूर्यघड्याळ अजून वेळ दाखवतं, आणि काठीवर सावली मोजलेल्या मुलाला ते काय आहे हे सांगावं लागत नाही.

लंबक सोपा आहे. दोरा आणि दगड. २५ सेंटिमीटर दोऱ्याला एका पूर्ण झोक्याला एक सेकंद, एक मीटरला दोन सेकंद. वीस झोके मोजून भागा. दगड जड केला तर काय होईल यावर आधी हात वर करायला लावा, मग करून बघा.

पाणी उकळायचा प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा, तुम्ही शेजारी उभं राहावं, मुलांनी लांबून तापमापी वाचावी. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे पाणी ९८ अंशांजवळच उकळतं. मुलं ९८ वाचतात आणि पुस्तकातलं १०० वहीत लिहितात, कारण परीक्षेत तेच येणार. त्यांना ९८ लिहू द्या, आणि खाली का ते लिहू द्या. माझ्या मते पूर्ण सत्रात एवढंच जमलं तरी विज्ञान शिकवलं असं म्हणता येईल.

वीज: एक सेल, एक तार, एक बल्ब, पेटवून दाखवा. शिक्षकासह सगळ्यांना सेलच्या एकाच टोकाला तार लावावीशी वाटते. जुने तारेचे बल्ब आता शोधावे लागतात. एलईडी घेतलात तर पांढऱ्याला दोन सेल लागतील आणि उलटा लावला तर तो पेटणार नाही, हे आधी करून बघा. घरातल्या प्लगला हात लावायचा नाही, दाखवण्यासाठीसुद्धा नाही.

सर-मॅडमशी

वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसासमोर तुम्ही उभे आहात. वर्गात त्यांना दुरुस्त करू नका, फळ्यावर सरळ चूक दिसली तरी नाही. मधल्या सुट्टीत चहाच्या वेळी "सर, ये करके देखें क्या?" म्हणत सामान काढा. हाताने केलेल्या प्रयोगात कुणाचाच अपमान होत नाही. तास घ्यायच्या आदल्या आठवड्यात तो प्रयोग शिक्षकाबरोबर एकदा करा आणि वर्गात तो शक्यतो त्यांनाच करू द्या. तुम्ही गटांमध्ये फिरा. तुम्ही गेल्यावर तो प्रयोग पुढच्या वर्षी होतो की नाही हे यावर ठरतं.

एक अडचण नक्की येईल. तुम्ही दिसलात की "आज तुम्हीच वर्ग बघा, मला कार्यालयात जायचंय." पहिल्यांदा बघा. दुसऱ्यांदाही बघा. नेहमीचंच झालं तर मुख्याध्यापकांकडे जाऊन स्पष्ट बोला की आम्ही शिक्षकांबरोबर काम करायला आलोय, बदली म्हणून नाही. तक्रारीच्या सुरात नको, आणि जनशिक्षकाकडे तर आधी मुळीच नको. याउलट अशीही मॅडम भेटेल की जी पहिल्याच दिवशी कपाटातून दहा वर्षांपूर्वीचं धूळ खात पडलेलं विज्ञान किट काढून देईल. तिच्याकडून शिकून घ्या.

मोडायचेच नाहीत असे नियम

नेहमी दोघं जा, आणि शक्य तर त्यात एक मुलगी असावी. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने बसायचं नाही. मुलांचे मोबाइल नंबर घ्यायचे नाहीत, आपले द्यायचे नाहीत. फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकायचे नाहीत. शाळेने अहवालासाठी मागितले तर प्रयोगाचे आणि हातांचे काढा, चेहऱ्यांचे नको. मारणं, कान धरणं, उठाबशा, टोमणे, काहीच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार ते शिक्षकालाही मना आहे. एखादं मूल घरच्या मारझोडीबद्दल किंवा त्याहून वाईट काही बोललं तर ऐकून घ्या, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे.

खाऊ, पेन, बक्षिसं वाटू नका. सुरुवातीला मुलं खूश होतात, नंतर ती पिशवीकडेच बघतात.

वेळापत्रक, आणि पुढच्यांच्या हाती देणं

आठवड्याचा एक वार ठरवा आणि तो सोडू नका. कागदावर जुलै ते डिसेंबर बरेच आठवडे दिसतात. त्यातून पंधरा ऑगस्टची तालीम, गणपती, अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्यांनंतरचा (चित्ररथांच्या मिरवणुकीनंतरचा) दिवस (वर्गात हजेरी नावालाच), नवरात्र, दिवाळी, शाळेची अर्धवार्षिक परीक्षा आणि तुमची सेमिस्टर परीक्षा वजा करा. जे उरेल त्याच्या निम्म्याचीच योजना करा. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी शिक्षकाला फोन करा. त्यांनी तुमच्यासाठी तास मोकळा ठेवलेला असतो.

डिसेंबरात सुरुवातीचेच प्रश्न त्याच मुलांना पुन्हा विचारा. काहींचं काहीच बदललेलं नसेल. तेही तक्त्यात लिहा, आणि तो तक्ता शाळेच्याच कपाटात ठेवा, तुमच्या लॅपटॉपमध्ये नको. शेजारी एक साधी वही ठेवा: कुठला प्रयोग कुठल्या धड्याबरोबर, सामान कुठून आणलं, कुठे फसलं, शिक्षकांनी काय बदल सुचवला. हिंदीत लिहा, म्हणजे मॅडमनाही वाचता येईल.

शाळेचं नवं सत्र १ एप्रिलला सुरू होतं, कॉलेजचं जुलैत. या मधल्या काळात गट विस्कटतो आणि शाळेला वाटतं की ही मुलंही गेली. म्हणून जानेवारीत दोन ज्युनिअर बरोबर न्यायला लागा आणि मार्चमध्ये, रंगपंचमीच्या गेरआधी (रंगांच्या मिरवणुकीआधी), त्यांची मुख्याध्यापकांशी ओळख करून द्या. नवं पत्र, नवी नावं, ठरलेला वार आणि कपाटाची चावी कुणाकडे असते, एवढं त्याच भेटीत पक्कं करून घ्या.